थर्मामीटर खरा की खोटा, हे कोण ठरवतं?



विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना थर्मामीटर वाचायला शिकवतो. एक भाग म्हणजे किती अंश, नजर कुठे ठेवायची, हे सगळं सांगतो. पण एखाद्या मुलानं विचारलं, "हा थर्मामीटरच चुकीचा असला तर?" तर? प्रश्न अगदी योग्य आहे. कारखान्यांमध्ये याच प्रश्नाचं उत्तर ठराविक काळानं शोधावं लागतं. त्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. मराठीत अंशशोधन.

पिशवीतल्या दुधाचं उदाहरण घेऊ

आपल्या घरी येणारं पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलं असतं. मोठ्या डेअरीत दूध नळीतून वाहत असतानाच साधारण ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, १५ सेकंद तेवढंच गरम ठेवतात आणि लगेच थंड करतात. त्यामुळे रोग पसरवणारे जंतू मरतात. नळीत तापमानाचा सेन्सर बसवलेला असतो. दूध पुरेसं तापलं नाही, तर एक व्हॉल्व्ह ते पुढे न सोडता परत तापवायला पाठवतो.

आता बघा, व्हॉल्व्हला दूध दिसत नाही. त्याला फक्त सेन्सरचा आकडा कळतो. आकडाच खोटा असेल तर काय होईल?

आकडा खोटा कसा होतो?

अशा ठिकाणी बहुतेक वेळा 'पीटी-१००' नावाचा सेन्सर असतो. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. तापमान वाढलं की तिचा विद्युत रोध वाढतो. ० अंशाला १०० ओहम, तर १०० अंशाला सुमारे १३८.५ ओहम. म्हणजे एका अंशाला जेमतेम ०.३८५ ओहमचा फरक. यंत्र रोध मोजतं आणि त्यावरून अंश दाखवतं.

समजा, जोडणी दोनच तारांची आहे आणि एक स्क्रू सैल झाला किंवा गंजला. तिथे १ ओहम रोध वाढला. यंत्राला वाटतं, तापमानच वाढलंय. ते साधारण अडीच अंश जास्त दाखवतं. पडद्यावर ७२, पण दूध खरं तर ६९.५ च्या आसपास. व्हॉल्व्ह उघडाच राहतो. दुधाचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. म्हणूनच महत्त्वाच्या ठिकाणी तीन किंवा चार तारांची जोडणी करतात आणि तरीही ठरलेल्या वेळी तपासणी करतात.

कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. शाळेच्या भिंतीवरचं घड्याळ आठवा. मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि "४ मिनिटं पुढे आहे" असं लिहून ठेवलं, हे झालं कॅलिब्रेशन. काटे मागे फिरवले, ती झाली जुळवणी. आधी चूक किती आहे ते कळायला हवं, मग काय करायचं ते ठरवता येतं.

सेन्सरचंही असंच करतात. तापमान स्थिर ठेवणाऱ्या तेलाच्या किंवा पाण्याच्या कुंडात आपला सेन्सर आणि जास्त अचूक असा 'मास्टर' थर्मामीटर शेजारी-शेजारी, एकाच खोलीवर बुडवतात. दोन्ही आकडे स्थिर होईपर्यंत थांबतात. घाई केली की मोजमाप चुकतं. मग कामाच्या तापमानाच्या आसपास, उदाहरणार्थ ६०, ७० आणि ८० अंशांना, दोन्हींचे आकडे लिहून घेतात.

समजा, आपल्या यंत्रावर ७२.० आहे आणि मास्टरवर ७१.४. चूक +०.६, म्हणून दुरुस्ती −०.६. प्रमाणपत्रावर आणखी एक आकडा असतो, अनिश्चितता. समजा ती ±०.२ आहे. मोजमाप कितीही काळजीनं केलं तरी एवढी शंका शिल्लक राहते, असा त्याचा अर्थ. मग ७२ अंशांची खात्री हवी असेल, तर पडद्यावर किती दिसायला हवं? ७२ + ०.६ + ०.२ = ७२.८. दशांश अपूर्णांकांच्या बेरजेला यापेक्षा खरं उदाहरण कुठे मिळणार!

पण मास्टर तरी खरा कशावरून?

मुलं पुढचा प्रश्न हाच विचारतील. मास्टरची तपासणी प्रयोगशाळेत होते. 'एनएबीएल' ही संस्था अशा प्रयोगशाळांना मान्यता देते आणि त्यासाठी आयएसओ/आयईसी १७०२५ हे मानक पाहिलं जातं. प्रयोगशाळांची उपकरणं पायरीपायरीनं देशाच्या प्रमाणांशी जोडलेली असतात. ती प्रमाणं नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जातात.

शेवटच्या पायरीवर निसर्ग स्वतः साक्ष देतो. शुद्ध पाणी, बर्फ आणि वाफ तिन्ही एकत्र समतोलात राहतात ते ०.०१ अंश सेल्सिअसला. शुद्ध जस्त गोठतं ते ४१९.५२७ अंशांना. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत असे अनेक बिंदू ठरवून दिले आहेत.

नियम काय सांगतात?

अन्नप्रक्रिया उद्योगात मोजमापाची उपकरणं ठराविक काळानं कॅलिब्रेट केली आहेत का, हे अन्नसुरक्षेच्या तपासणीत पाहिलं जातं. औषध कारखान्यांनाही 'शेड्यूल एम' नुसार हे करावंच लागतं आणि नोंदी ठेवाव्या लागतात. पण नुसता कागद फाईलला लावून भागत नाही. तपासणी कामाच्या तापमानाला झाली का? चूक किती निघाली? ती चालण्यासारखी आहे का? नसेल तर काय केलं? ही उत्तरं नसतील तर प्रमाणपत्र असून नसल्यासारखंच.

वर्गात करून पाहा

स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर घ्या. (तापाचा नको, तो इतक्या कमी तापमानासाठी नसतो.) पेला बारीक फोडलेल्या बर्फानं भरा, थोडं थंड पाणी घाला, ढवळा. टोक मधोमध बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. ३-४ मिनिटांनी आकडा वाचा. तो ० च्या जवळ हवा. ०.८ दिसलं तर चूक +०.८. हे तारखेसह वहीत लिहायला लावा. मग टोक जरासंच बुडवून पाहा, आकडा बदलतो का? नंतर बर्फात मीठ घाला. आकडा ० च्या खाली जाईल. मुलांना विचारा, थर्मामीटर बिघडला की बर्फाचं मिश्रण बदललं?

उकळत्या पाण्यानं तपासायचं असेल, तर गाव लक्षात घ्या. मुंबईत पाणी १०० अंशांच्या जवळपास उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. हे माहीत नसेल तर चांगल्या थर्मामीटरलाच आपण खोटं ठरवू!

पालकहो, कारखान्यातली तपासणी आपण करू शकत नाही. पण "हा आकडा कशाशी ताडून पाहिला?" असं विचारायची सवय मुलांना नक्की लावू शकतो. डेअरीला किंवा आरोग्य केंद्राला शालेय भेट असेल, तेव्हा मुलांना हाच प्रश्न विचारायला सांगा.