मनाची परिभाषा (लेखांक ९) : आवाजाची धास्ती

सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले आणि गाव धास्तावले. किल्लारी तिथून तीसेक किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती बोळवून दमून झोपलेली गावे, ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंपाचा गडगडाट आणि दगडमातीच्या भिंतींखाली गेलेली सुमारे १० हजार माणसे. या भागात जमिनीतला आवाज नुसता आवाज उरलेला नाही.

मागच्या लेखांकात पावलोव्हच्या प्रयोगातली कुत्री आपण पाहिली. अन्नाबरोबर ठरावीक आवाज वारंवार ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानेही त्यांना लाळ सुटे. हे अभिसंधान. भीतीला मात्र वारंवार काही लागत नाही, एक पहाट पुरते. शिवाय ती मूळ आवाजापुरती राहत नाही. जड ट्रक गेला, वाऱ्याने पत्रा थडथडला, तरी छातीत धस्स होते. याला उद्दीपक सामान्यीकरण म्हणतात. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये ते एका तान्ह्या मुलावर दाखवले. मूल पांढऱ्या उंदराला हात लावायला गेले की त्याच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारीत. पुढे ते मूल सशालाही भिऊ लागले. त्याची भीती घालवायचे काम त्यांनी केलेच नाही. मला तो प्रयोग क्रूर वाटतो.

आवाज येतो, पण वाईट काही घडत नाही, असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की भीती ओसरते. हे विलोपन. किल्लारी-सास्तूर परिसरातल्या लोकांना तेवढी उसंतच मिळाली नाही. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येत राहिले आणि सैल होऊ पाहणारी आवाज-भीतीची गाठ प्रत्येक वेळी आवळली गेली. माणसे अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये झोपू लागली. टाळल्याने भीती टिकते, असे मानसशास्त्राचे पुस्तक सांगते. पण ज्याने माळवदाखाली आपली माणसे गाडली गेलेली पाहिली, त्याने भिंतीपासून लांब झोपणे हे शहाणपणच होते. त्याला आजार म्हणू नये.

विलोपन म्हणजे विसरणेही नव्हे. दबलेली भीती काही काळाने आपसूक उसळते, तिला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात; नव्या धक्क्यानेही ती परत येते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, नांदेडलाही हादरे जाणवले. १९९३ साली दहा वर्षांचा असलेला माणूस तेव्हा चाळिशी ओलांडून गेला होता. त्या सकाळी त्याच्या हातापायांना कंप सुटला असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

‘काही होत नाही, घाबरू नका’ या शब्दांनी ही गाठ सुटत नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचे खाऊ घालीत ससा रोज थोडा थोडा जवळ आणला. भीती त्याच वेगाने गेली.

तुमच्या घरातली आजी अजून दाराजवळच अंथरूण टाकत असेल, तर तिला हसू नका, आत झोपायची सक्तीही करू नका. झोपच उडाली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्या. तो मोफत आहे.