सव्वाशे पौंडांचा संगणक

जुन्या घरगुती संगणकांच्या आठवणींनी हळवं होणाऱ्यांची एक गंमत आहे. त्यांना हटकून आठवतं ते यंत्राचं उणं. ब्रिटनच्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’चे चाहतेच पाहा. रबराच्या कळा, एकमेकांत घुसणारे रंग आणि कॅसेटची कर्कश किंकाळी, एवढं निघालं की त्यांचा चेहरा खुलतो. या तिन्ही गोष्टी पैसे वाचवण्याच्या खटपटीतून आलेल्या.

केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी हा संगणक २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६ केबी स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. बीबीसीच्या नावाने विकला जाणारा मायक्रो संगणक याच्या दुपटीहून महाग होता. स्वस्ताई साधली ती कुठे, हे पाहायला झाकण उघडावं लागतं. ४८ केबीच्या यंत्रातली वरची ३२ केबी स्मृती चक्क सदोष चिपांवर उभी होती. ६४ किलोबिटच्या ज्या चिपांचा अर्धा भाग कारखान्यातच बाद ठरायचा, त्या सिंक्लेअर यांनी स्वस्तात उचलल्या आणि चांगला अर्धा तेवढा वापरला. यंत्राचं बाह्यरूप बेतणाऱ्या रिक डिकिन्सन यांनी कळफलकासाठी सुट्या कळा घेतल्याच नाहीत. रबराचा एक अखंड पत्रा, त्यालाच चाळीस उंचवटे. बोटांना तो मऊमऊ स्पर्श बहुतेकांना आवडला नाही. पण टायपिंगही कमी करावं लागे: ‘पी’ दाबला की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटायचा, आणि स्मृतीत त्याला एकच बाइट पुरायचा. शब्द ओळखण्याचं यंत्राचं काम माणसाच्या बोटावर ढकललं होतं, दुसरं काय!

खरी कमाल रंगांची. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतंत्र रंग द्यायचा, तर २४ केबी लागले असते, म्हणजे लहान मॉडेलच्या एकूण स्मृतीहून जास्त. म्हणून रिचर्ड ऑल्टवासर यांच्या रचनेत ठिपके वेगळे आणि रंग वेगळे ठेवले. आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन, आणि एका चौकोनात फक्त दोन रंग. सगळा पडदा ६,९१२ बाइट्समध्ये बसला. दंड खेळांना भरावा लागला: लाल भिंतीजवळून पिवळा नायक गेला की त्याची पिवळाई भिंतीला लागायची, नाहीतर तो स्वतःच लाल व्हायचा. यावर कुणी चौकोनांच्या हिशेबाने चित्रं बेतली. ‘अल्टिमेट’ कंपनीने १९८४च्या ‘नाइट लोअर’मध्ये त्याहून सरळ वाट धरली. एका दालनात एक रंग आणि काळा, बस्स. रंग सोडून त्यांनी खोली कमावली. दालनं तिरक्या कोनातून घनाकार दिसू लागली. मला हा त्या यंत्रावरचा सगळ्यात देखणा खेळ वाटतो.

डिस्क ड्राइव्ह परवडणारी नव्हती, म्हणून घरातला साधा टेपरेकॉर्डर जोडायचा. आधी लांब शिट्टी, पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे. मग खरखर आणि निळे-पिवळे पट्टे. चित्र आधी काळंपांढरं, तेही तीन तुकड्यांत भरत यायचं आणि शेवटच्या ७६८ बाइट्समध्ये झरझर रंग चढायचे. मोठा खेळ चढायला पाचेक मिनिटं लागत. आवाजाची पट्टी चुकली की सगळं पुन्हा. टेपवरचा प्रोग्रॅम म्हणजे आवाजच असल्यामुळे तो रेडिओवरूनही पाठवता येई. युगोस्लाव्हियात झोरान मोडली हे निवेदक तसे प्रोग्रॅम प्रसारित करत आणि श्रोते ते टेपवर उतरवून घेत.

स्पेक्ट्रमच्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून ५० लाखांहून अधिक खपल्या. सोव्हिएत संघात आणि पूर्व युरोपात बिनपरवाना नकला निघाल्या त्या वेगळ्याच. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला. सिंक्लेअर मात्र विजेवर चालणाऱ्या तीनचाकी सी-फाइव्हच्या नादात पोळले. १९८६मध्ये संगणकाचा धंदा ५० लाख पौंडांत अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेला आणि १९९२मध्ये उत्पादन थांबलं.

आज तेच खेळ मोबाइलवर चालतात, पण स्वस्ताईची हुबेहूब नक्कल करणं महागात पडतं. मूळ यंत्रात पडदा रंगवणारी चिप आणि प्रोसेसर यांना खालची १६ केबी स्मृती वाटून घ्यावी लागे. चिपची पाळी आली की प्रोसेसरने थांबायचं. ही ओढाताण जशीच्या तशी उतरवायची, तर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला पडद्याच्या एका फेरीतले ६९,८८८ ठोके मोजावे लागतात, सेकंदाला पन्नास वेळा. थोडा हिशेब चुकला की कडेच्या रंगीत पट्ट्यांवर बेतलेली करामत वाकडी दिसते. आणि ती वाकडी दिसली की तक्रार करणारे आजही आहेत.