जयपूरचे ‘सम्राट’ मूळचे कोठले?

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले. नगराच्या उत्तरेकडील ब्रह्मपुरीत त्यांनी ठिकठिकाणच्या विद्वानांना स्थान दिले. त्या मंडळींत महाराष्ट्रीय ब्राह्मणही होते. जयसिंहांचे गुरू रत्नाकर भट्ट यांनी १७१३ मध्ये ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा व्रतांविषयीचा बृहद्‌ग्रंथ रचला. पौंडरीक यज्ञावरून ते ‘पौंडरीक’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रह्मपुरीतील हवेली आजही पुंडरीकांचीच म्हटली जाते. दुसरे नाव जगन्नाथ पंडितांचे. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ व युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. पहिला ‘सम्राट्सिद्धांत’, तर दुसरा ‘रेखागणित’ या नावाने प्रसिद्ध आहे. वैदिक परंपरेत वाजपेय यज्ञ करणाऱ्यास ‘सम्राट’ म्हणत. जगन्नाथांची हीच पदवी पुढे घराण्याची ओळख झाली.

वंशाचा शोध घेणाऱ्यांची अडचण नेमकी येथेच सुरू होते. महाराष्ट्रातील पुष्कळ आडनावे गावावरून किंवा वतनावरून पडली आहेत. नाशिककर, कुलकर्णी, देशपांडे म्हटले की शोधाला काही दिशा तरी मिळते. ‘सम्राट’ किंवा ‘पौंडरीक’ या नावांतून मात्र पूर्वजाचा मान कळतो, गाव कळत नाही. दरबारी सन्मानाने जुने उपनाव झाकून टाकले.

याच शहरात परदेशी पूर्वजाचेही एक उदाहरण आहे. जयसिंहांनी पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्यासमवेत पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठविले होते. ते १७३० च्या सुमारास परतले, तेव्हा फ्रेंच ज्योतिर्विद ला हीर यांची कोष्टके आणि पेद्रो द सिल्वा हा जाणकार त्यांच्यासोबत आला. (कोष्टके तपासताना चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक आढळल्याची नोंद जयसिंहांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे.) द सिल्वा जयपूरलाच राहिला आणि त्याच्या वंशजांत वैद्यकी करणारेही झाले. ‘सिल्वा’ म्हणजे रान. हे आडनाव पोर्तुगालमध्ये घरोघरी आढळते. गोव्यातही धर्मांतराच्या वेळी पाद्री वा धर्मपित्याचे आडनाव घेण्याची प्रथा असल्याने ते तेथे सर्वत्र पसरले. त्यामुळे केवळ नावावरून कुणाला लिस्बनचा वा बार्देशचा ठरविणे धाडसाचे आहे.

आडनाव मूक असेल, तर कागदाकडे वळावे लागते. बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात जयपूर संस्थानचे ‘दस्तूर कौमवार’ हे दप्तर आहे. दरबारातून कोणाला शिरपाव, इनाम वा मान मिळाला, याच्या नोंदी त्यात जातवार लावलेल्या आहेत. घरातील कर्ता वारल्यावर वारसास मातमीचा शिरपाव दिला जाई, तोही त्यात येतो. एवढ्या एका नोंदीतून बापलेकांचे नाते आणि मृत्यूचा काळ दोन्ही हाती लागतात. वंशावळीला याहून भक्कम आधार क्वचितच मिळतो.

तथापि हे दप्तर जयपूरपासून सुरू होते. त्यापूर्वीचे गाव ते सांगेलच असे नाही. त्यासाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या लागतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार येथे यात्रेकरू आपले नाव, बाप-आजांची नावे आणि मूळ गाव नोंदवीत आले आहेत. पण हरिद्वारच्या पंड्यांचे यजमान प्रदेशानुसार वाटलेले असल्याने जे गाव शोधायचे, तेच आधी विचारले जाते! अशा वेळी गोत्र, शाखा, सूत्र आणि विशेषतः कुलदैवत उपयोगी पडते. उत्तरेत पिढ्या गेल्या, बोली बदलली, तरी नवस तुळजापूरला किंवा कोल्हापूरला फेडण्याची चाल अनेक घरांत टिकते. तेथील पुजाऱ्यांच्या वहीत एखाद्या जुन्या फेरीची नोंद असू शकते.

दोन्हीकडच्या तिथी जुळविताना मात्र सावध राहावे. विक्रम संवतातून ५७ वजा करून आणि शकात ७८ मिळवून इसवी सनाचा अंदाज येतो. महिन्याचा घोळ अधिक फसवा आहे. जयपूरकडे महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात महिन्याचे नाव जुळते, वद्य पक्षात जुळत नाही. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला असते. जयपुरी पंचांगात तोच दिवस भाद्रपद वद्य अष्टमी म्हणून लिहिला जातो. हे ध्यानात न घेतल्यास एकाच पूर्वजाच्या श्राद्धतिथीच्या दोन नोंदी दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात आणि वंशवृक्षात नसलेली पिढी शिरते.