जिवाणू खत टाकलं तरी फरक का पडत नाही? पिंपरीच्या मातीतून समजून घ्या

संत तुकाराम नगर (पिंपरी) : खेड, मावळ, जुन्नरकडून पेशंट घेऊन येणाऱ्यांना संत तुकाराम नगर माहीत आहे ते वायसीएम हॉस्पिटलमुळे. आता मेट्रोचं स्टेशनही झालंय. पण इथून जवळच असलेल्या 'एचए' कंपनीचा शेतातल्या मातीशी जुना संबंध आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

एचए म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ मध्ये स्थापन झालेली, औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्याच जोडीला मातीतले जिवाणू वेगळे करून नवीन औषधं शोधण्याचं कामही इथल्या प्रयोगशाळेत चालायचं. डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका जिवाणूपासून 'हॅमायसिन' हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाणूला नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. म्हणजे पिंपरीचं नाव थेट शास्त्राच्या पुस्तकात गेलं.

याच कुळातले जिवाणू प्रत्येकाच्या रानात आहेत. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास सुटतो, तो यांनीच तयार केलेल्या पदार्थाचा असतो.

मातीत काम कोण करतं?

चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातले काही रोग आणतात, बरेचसे कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि काही पिकाच्या थेट उपयोगाचे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते जसंच्या तसं घेता येत नाही. रायझोबियम हा जिवाणू हरभरा, सोयाबीन, भुईमूग, तूर यांच्या मुळांवर गाठी करून राहतो. पीक त्याला साखर देतं, तो पिकाला हवेतलं नत्र वापरता येईल अशा रूपात देतो. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या मुळांजवळ ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम असतात. उसाच्या तर कांड्याच्या आत राहून ॲसिटोबॅक्टर हेच काम करतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने तो ऊस उत्पादकांपर्यंत पोहोचवलाय.

दुसरा गट स्फुरद विरघळवणाऱ्यांचा, म्हणजे पीएसबी. काळ्या चुनखडीच्या जमिनीत टाकलेलं स्फुरद बरंचसं चुन्याला चिकटून बसतं. हे जिवाणू सौम्य आम्ल सोडतात आणि ते स्फुरद मोकळं करतात.

मात्र हे सगळे हातभार लावणारे आहेत. रायझोबियम कडधान्याची नत्राची मोठी गरज भागवू शकतो. ॲझोटोबॅक्टरने गव्हाचा युरिया थोडा कमी होतो, बंद होत नाही. "एक पाकीट टाका, खत विसरा" असं दुकानदार सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

मग फरक का पडत नाही?

कारण पाकिटात खत नसतं, जिवंत जीव असतात. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशानुसार पावडरच्या जिवाणू खतात एका ग्रॅमला किमान ५ कोटी, तर द्रवरूप खतात एका मिलीला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेल्या किंवा मुदत संपलेल्या पाकिटात यातले किती उरले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. पाकीट जिवंत निघालं, तरी पुढे ते आपल्याच हाताने मारलं जातं. ते असं :

- क्रम चुकतो. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धक. तिन्ही एका घमेल्यात कालवली की संवर्धक वाया.
- ऊन लागतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं (१ किलो बियाण्याला २५ ग्रॅम), सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. आज चोळून परवा पेरलं तर उपयोग नाही.
- रासायनिक खतात मिसळलं जातं. जमिनीतून द्यायचं असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलाव्यावर द्यावं.
- पिकाचा गट चुकतो. हरभऱ्याचा रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. पाकिटावर पिकाचं नाव असतं, ते वाचून घ्यावं.
- युरिया जास्त होतो. नत्र आयतं मिळालं की कडधान्य मुळांवर गाठी करायचा कंटाळा करतं.
- पाचट जाळलं जातं. जिवाणूंचं खाणं म्हणजे सेंद्रिय पदार्थ. तेच पेटवल्यावर ते जगणार कशावर?

सहा ग्रॅमची पुडी

आता पुन्हा पिंपरीकडे. १९४३ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ आणि सेल्मन वाक्समन यांना मातीतल्याच जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयरोगावर लागू पडलेलं ते पहिलं प्रतिजैविक. पुढे हेच औषध टेट्रासायक्लिनबरोबर ९ ला १ या प्रमाणात मिसळून पिकांसाठी आलं. एचएची 'स्ट्रेप्टोसायक्लिन' ही सहा ग्रॅमची पुडी शेतकऱ्यांच्या चांगलीच ओळखीची आहे. लिंबाच्या खैऱ्यावर, भातावरच्या जिवाणूजन्य करप्यावर, डाळिंबाच्या तेल्यावर ती फवारली गेली.

इथं दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पहिली, हे औषध जिवाणू मारतं. चांगला कोण, वाईट कोण, हे त्याला कळत नाही. त्यामुळे बियाणं या द्रावणात बुडवून त्यावर लगेच जिवाणू संवर्धक चोळलं, तर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. ट्रायकोडर्मा मात्र जिवाणू नाही, ती बुरशी आहे. तिला धोका बुरशीनाशकांचा. कॉपर ऑक्सिक्लोराईडसारखं तांब्याचं औषध तर बुरशी आणि जिवाणू दोघांनाही बाधतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तेच औषध वरचेवर फवारलं की काही जिवाणू त्याला जुमानेनासे होतात. हा गुण ते एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. शेतात तयार झालेली ही सवय माणसाला रोग देणाऱ्या जंतूंपर्यंत पोहोचू शकते. मग बागेत लागू न पडलेलं औषध उद्या दवाखान्यातही लागू पडणार नाही.

याच धोक्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनवर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. वापर पूर्ण थांबवण्यासाठी त्यात १ जानेवारी २०२४ ही तारीख दिली होती. म्हणून शेजाऱ्याने मारलं, आपणही मारू, असं करू नये. पानावरचा डाग बुरशीचा की जिवाणूचा, हे आधी कृषी सहायकाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून तपासून घ्यावं. बुरशीच्या रोगावर प्रतिजैविक मारलं तर पैसेही जातात आणि मातीतले कामाचे जिवाणूही.

उपटून बघा

जिवाणू संवर्धक कृषी महाविद्यालयातून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्यावं. पाकिटावरची तयार केल्याची तारीख, मुदत आणि पीक वाचावं. घरी आणल्यावर ते सावलीत, थंड जागी ठेवावं. फवारणीच्या औषधांच्या पेटीत ठेवू नये.

काम झालं की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. सोयाबीन किंवा हरभरा पेरून पस्तीस-चाळीस दिवस झाले की वेगवेगळ्या जागची चार-पाच झाडं फावड्याने मातीसकट उचलावीत. ओढू नयेत, गाठी तुटतात. मुळं पाण्यात हलवून धुवावीत आणि एक गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लालसर निघाली तर जिवाणू नत्र देतोय. पांढरी, हिरवट निघाली किंवा गाठीच नसल्या, तर वर सांगितलेल्यापैकी काहीतरी चुकलंय. पुढच्या पेरणीआधी ते शोधावं.