७२ पाइंट, तीन दिवस

फर्किन म्हणजे ९ गॅलनचं पिंप. लिटरमध्ये सांगायचं तर ४१ च्या आसपास, आणि पबच्या हिशेबात ७२ पाइंट. पिंपाला तोटी ठोकून बिअर काढायला सुरुवात झाली, की जितकी बिअर बाहेर येते तितकी हवा आत शिरते. तिथून पुढे साधारण तीन दिवस ती प्यायच्या लायकीची राहते. मग चव उतरत जाते आणि शेवटी आंबूस वास येऊ लागतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जमधले जुने पब या हिशेबावर जगतात. बाहेरून आलेल्या माणसाला काळवंडलेल्या तुळया, भिंतीवरचे पितळी बिल्ले आणि शेकोटी दिसते, आणि पब म्हणजे हेच असं त्याला वाटतं. मला विचाराल तर खरा पब तळघरात असतो.

हेस्टिंग्जचं ओल्ड टाउन दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत वसलं आहे. हाय स्ट्रीट आणि ऑल सेंट्स स्ट्रीट हे दोन अरुंद रस्ते जोडीने समुद्राकडे उतरतात. खाली ‘स्टेड’ नावाचा गोट्यांचा किनारा. बंदर नसल्यामुळे मच्छीमारांच्या बोटी आजही गोट्यांवरून थेट पाण्यात ढकलतात आणि परत आल्या की ओढून वर घेतात. जाळी ठेवायच्या उंच, काळ्या, लाकडी खोल्या तिथेच ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यासमोर ‘डॉल्फिन’ हा पब. ऑल सेंट्स स्ट्रीटवरच्या ‘स्टॅग’मध्ये वाळून काष्ठ झालेली जुनी मांजरं काचेआड जपून ठेवली आहेत. हाय स्ट्रीटवर ‘जेनी लिंड’ आहे, एका स्वीडिश गायिकेच्या नावाचा. जवळच ‘फर्स्ट इन लास्ट आउट’, ज्याची बिअर त्याची स्वतःची. चालायला लागलं तर हे सगळे पब काही मिनिटांच्या अंतरात येतात.

त्याच भागातल्या एका पबच्या मालकीणबाईंनी मला सकाळी, दार उघडण्याआधी, तळघरात यायची परवानगी दिली. जिना इतका उभा की उलटं होऊन उतरावं लागतं. खाली दगडी भिंती, ओलसर गारवा, माल्ट आणि यीस्टचा गोडसर वास. भिंतीवरचा तापमापक बारा अंश दाखवत होता. अकरा ते तेरा एवढीच सूट, बाई म्हणाल्या. त्याहून गार झाली तर बिअर गढूळ दिसते आणि उबदार झाली तर मरते. इंग्रज कोमट बिअर पितात हा आपल्याकडचा समज या तळघरात उतरलं की जातो. ती फ्रीजमधल्या बाटलीइतकी थंड नसते, तळघराइतकी गार असते.

पिंपं आडवी, लाकडी पाचर लावून पक्की बसवलेली. ती आली की हलवायची नाहीत, कारण आतली बिअर अजून जिवंत असते. यीस्ट काम करत असतं आणि गाळ हळूहळू तळाशी बसत असतो. पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक बूच असतं. त्याच्या मधोमध बाईंनी एक मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी लाकडी हातोडीने ठोकली. सुस्कारा टाकावा तसा वायू निघाला आणि खुंटीच्या टोकावर पांढरा फेस उकळून वर आला. त्यांनी तो फडक्याने पुसला. पुन्हा आला, पुन्हा पुसला. मग त्या शेजारच्या पिंपाकडे वळल्या. तिथली खुंटी आदल्या दिवशीची होती. फेस पुसला आणि दोन-तीन श्वास घ्यावेत तितका वेळ तो परत आला नाही. तेव्हा मऊ खुंटी काढून त्यांनी कठीण लाकडाची घातली, म्हणजे उरलेला वायू आत कोंडून राहील. जिभेला जो हलका चटका लागतो, तो या उरलेल्या वायूचा. मऊवरून कठीणवर कधी जायचं हे घड्याळ सांगत नाही. दर पिंपाचा स्वभाव वेगळा, आणि उन्हाळ्यात लॉरीतून तापून आलेलं पिंप फार दांडगाई करतं.

मग तोटी. पिंपाच्या तोंडाशी खालच्या कडेला दुसरं बूच असतं. त्यावर तोटीचं टोक टेकवायचं आणि एकाच घावात आत घालायचं. हात कचरला तर बिअरचा फवारा थेट छातीवर येतो. बाईंचा घाव कोरडा, नेमका बसला. त्यांनी पेल्यात थोडी बिअर काढली, बॅटरीच्या उजेडासमोर धरली, आधी वास घेतला आणि मग घोट. ती ससेक्सची बेस्ट बिटर होती. १७९० पासून चालत आलेल्या, लुईस गावच्या हार्वेज ब्रुअरीची, चार टक्क्यांची. तांबूस, स्वच्छ, शेवटाला हॉप्सचा कडवटपणा.

ही स्वच्छता येते माशांपासून. गाळ लवकर खाली बसावा म्हणून बिअरमध्ये आयझिंग्लास घालण्याची जुनी पद्धत आहे, आणि ते बनतं माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाच्या बोताला, म्हणजे याच पिशवीला, सोन्याचा भाव येतो हे पालघर, सातपाटीकडच्या कोळ्यांना ठाऊकच आहे. भारतातून सुकवलेली बोतं परदेशी जातात, आणि त्यांच्या वापरांमध्ये बिअर-वाइन नितळ करणं हाही एक आहे. अलीकडे शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी बऱ्याच ब्रुअऱ्या आयझिंग्लास वगळू लागल्या आहेत. अशी बिअर किंचित धूसर दिसते, चवीत काही उणं नसतं.

वर बारमागे हातपंप. रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर आधी उपसून टाकून दिली. लोक याला नासाडी म्हणतात, मला तो सचोटीचा भाग वाटतो. पहिल्या गिऱ्हाइकाला शिळी बिअर देणारा पब बाकी काय काय खपवत असेल! पेला तिरपा धरून, दांडा सावकाश, एका लयीत ओढायचा. दोन ओढींत पेला भरत येतो, तिसरी अर्धीच. दक्षिणेत फेस पातळ ठेवतात. उत्तर इंग्लंडचा माणूस तो पाहून नाक मुरडेल. आठवड्यातून एकदा सगळ्या नळ्या रसायनाने धुवायच्या आणि पाणी सोडून सोडून ते पूर्ण घालवायचं. या कामाची कुणी कधी तारीफ करत नाही. टाळलं तर मात्र आठवड्याभरात सगळ्यांच्या जिभेवर येतं.

एवढा खटाटोप टाळता येतो. बंद पिंपातली, वायूच्या दाबाने ढकललेली लागर तोटी उघडली की येते, आणि तीन दिवसांचा धाक तिला नाही. साठच्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्यांनी तोच मार्ग धरला होता. १९७१ मध्ये ‘कॅमरा’ ही पिणाऱ्यांची चळवळ उभी राहिली म्हणून हातपंप वाचले. पण चळवळीने पंप वाचतो, पिंप संपत नाही. ते रोज येणाऱ्या माणसांनीच संपवावं लागतं.

समुद्रकाठच्या गावात हाच पेच सगळ्यात अवघड. ऑगस्टमधल्या उन्हाच्या शनिवारी एक फर्किन दुपारपर्यंत रिकामं होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला ‘जॅक इन द ग्रीन’ची मिरवणूक निघते, १९८३ पासून पुन्हा सुरू झालेली. पानांनी मढवलेला जॅक, ढोल, हिरवे रंगवलेले चेहरे. त्या दिवशी तळघरात पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत मात्र इंग्लिश खाडीवरून वारा सुटतो, लंडनची गाडी रिकामी येते आणि ७२ पाइंट प्यायला गावातलीच माणसं उरतात. मग बाई चारऐवजी दोनच पंप चालू ठेवतात आणि फर्किनऐवजी ‘पिन’, म्हणजे निम्म्या मापाचं पिंप मागवतात. आपल्या परमिट रूममध्ये माणूस पडद्याआड बसतो. इथे जानेवारीच्या दुपारी निवृत्त शिक्षिका, बूट चिखलाने भरलेला मच्छीमार आणि त्याचं कुत्रं एकाच टेबलापाशी असतात. त्यातला प्रत्येक जण एक पाइंट संपवतो, तेव्हा पुढच्याला ताजा मिळतो.

फेब्रुवारीच्या सुमारास ‘फॅट ट्यूसडे’चे संगीताचे दिवस आले की पुन्हा गर्दी होते. हेस्टिंग्जला जायचंच तर मी सांगेन, त्याच्या आधीच्या एखाद्या मंगळवारी जा. कोणता पंप कालपासून चालू आहे ते बारवर विचारा. तुमचं तोंड बघून दिलेलं नव्हे, खरं उत्तर मिळेल. तोच पाइंट मागा.