राजाची सनद, गावाची फौज

मॅसॅच्युसेट्स वसाहत उभी राहिली तेव्हा तिच्या रक्षणासाठी इंग्लंडच्या राजाने फौज पाठवली नव्हती, आणि पगारी सैनिक पोसायला वसाहतीकडे पैसा नव्हता. त्यामुळे लढण्याचे काम गावकऱ्यांवरच आले. १६३६ च्या डिसेंबरात वसाहतीच्या विधिमंडळाने गावोगावच्या तुकड्यांच्या तीन रेजिमेंट केल्या. सोळा ते साठ वयाच्या पुरुषाने गावच्या तुकडीत नाव नोंदवायचे, हा कायदा. पाद्री, न्यायाधीश वगैरेंना सूट होती. हीच मिलिशिया.

बंदूक ज्याची त्याने आणायची, गोळ्या आणि दारूही ज्याची त्याने. गैरहजर राहिले तर दंड, हत्यारात खोट निघाली तरी दंड. १६३१ मध्ये दर शनिवारी कवायतीचा हुकूम होता. धोका ओसरला तसे कवायतीचे दिवसही कमी झाले आणि पुढे वर्षाकाठी मोजकेच उरले. त्या दिवसाला हळूहळू जत्रेची कळा आली. प्रार्थना व्हायची, रांगा लागायच्या, आणि मग रमचे पेले फिरायचे. कवायत यथातथाच असे.

दूरच्या मोहिमेवर मात्र ही तुकडी जशीच्या तशी जात नसे. कॅनडाच्या बाजूला फ्रेंचांशी लढायचे असेल तर तुकड्यांमधून स्वयंसेवक उचलायचे, कमी पडले तर सक्तीने भरती करायची, आणि ठरावीक मुदतीची पगारी पलटण उभारायची. १७४५ मध्ये लुइसबर्गचा फ्रेंच किल्ला घेतला तो अशाच न्यू इंग्लंडच्या माणसांनी. त्यांचा सेनापती विल्यम पेपरेल पेशाने व्यापारी होता. मिलिशिया म्हणजे लढणाऱ्या सैन्यापेक्षा माणसांची तयार यादीच जास्त. दक्षिणेकडे तिचा उपयोग निराळा आणि काळा होता. साउथ कॅरोलिनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले, ते मिलिशियानेच चिरडले. पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथीयांचा जोर. शस्त्र धरणे त्यांच्या धर्मात बसत नसल्याने तिथे १७५५ पर्यंत मिलिशियाचा कायदाच नव्हता.

सगळ्या यंत्रणेची कळ एकाच प्रश्नात होती: कॅप्टन कोण नेमतो? मॅसॅच्युसेट्समध्ये सुरुवातीला तुकडीच आपले अधिकारी निवडत असे. १६९१ च्या नव्या सनदेने हा हक्क गव्हर्नरकडे गेला, आणि गव्हर्नर राजाचा माणूस. ऐंशीएक वर्षे यावर फारसे कुणाचे अडले नाही.

अडले ते १७७४ मध्ये. लंडनच्या संसदेने वसाहतीचे स्वराज्य आवळले. १ सप्टेंबरला इंग्रज सेनापती जनरल गेजच्या सैनिकांनी बॉस्टनजवळच्या दारूकोठारातून दारू उचलून नेली, तशी बातमी फुगत गावोगाव पोचली आणि हजारो माणसे बंदुका घेऊन निघाली. पाच दिवसांनी वूस्टर गावात साडेचार हजारांवर मिलिशियावाले रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. राजाच्या न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना त्यांनी टोप्या काढून रांगेतून चालवले आणि पदत्यागाचे निवेदन पुन्हा पुन्हा वाचायला लावले. गोळी एकही झाडली नाही. माझ्या मते राजाची सत्ता गेली ती इथेच; ज्याने युद्ध पेटले तो लेक्सिंग्टनचा गोळीबार सात महिन्यांनंतरचा.

ऑक्टोबरात वसाहतीच्या प्रांतिक काँग्रेसने अधिकारी निवडण्याचा हक्क तुकड्यांना परत दिला आणि मिलिशियातली चौथाई माणसे निवडून, किमान पन्नासांच्या तुकड्या करून, हाक येताच निघण्याच्या तयारीत ठेवायला सांगितले. हेच ‘मिनिटमेन’. सगळेच मिलिशियावाले मिनिटमेन नव्हते, हे पुष्कळदा विसरले जाते. लेक्सिंग्टनला कॅप्टन जॉन पार्करच्या हाताखाली उभी होती ती गावची साधी तुकडी, ७७ जणांची. तिच्यातला प्रिन्स एस्टाब्रुक हा कृष्णवर्णीय गुलाम त्या गोळीबारात जखमी झाला.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री सुमारे ७०० इंग्रज सैनिक काँकॉर्डला साठे जप्त करायला निघाले. घोडेस्वारांनी रातोरात वर्दी दिली, घंटा वाजल्या, आणि परतीच्या वाटेवर गावामागून गावाची तुकडी येऊन भिडत गेली. मदतीला आलेली कुमक धरून इंग्रजांचे ७३ मेले, वसाहतीचे ४९.

इंग्रज बॉस्टनमध्ये परतले आणि मिलिशियाने शहराला वेढा घातला; पण महिनोन्‌महिने असे बसून राहणे या माणसांच्याने होईना. शेत आणि घर मागे ओढत असे. म्हणून १४ जून १७७५ ला वसाहतींच्या सामायिक काँटिनेंटल काँग्रेसने स्वतःची फौज उभारायचे ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी तिचे नेतृत्व जॉर्ज वॉशिंग्टनकडे दिले. पुढची आठ वर्षे वॉशिंग्टनने मिलिशियाच्या बेभरवशाबद्दल काँग्रेसकडे तक्रारी केल्या, आणि तरीही तिच्यावाचून त्याचे भागले नाही.