दुकान जवळ, वाट लांब

आपल्या गॅलरीतून औषधांचे दुकान दिसत असेल. पण तेथे चालत जाण्यास किती वेळ लागतो, हे आपण कधी पाहिले आहे का? दिसणारे अंतर आणि चालावे लागणारे अंतर यांत मोठा फरक असू शकतो. उतारवयात हा फरक प्रकृतीवर परिणाम करतो.

पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव अशा जुन्या पेठांत गल्लीला बोळ मिळतो आणि बोळ पुढच्या रस्त्यावर उघडतो. एका वाटेवर गर्दी असली, तर दुसरी धरता येते. पुढे शहर पसरले; महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. शहराच्या अशा कडेला शेतजमिनीच्या एकेका तुकड्यावर स्वतंत्र गृहसंकुल उभे राहते आणि त्यातील रस्ता बहुधा कुंपणापाशीच संपतो. मग भिंतीपलीकडील दुकानासाठीही हमरस्त्याचा वळसा घ्यावा लागतो.

ही स्थिती केवळ पुण्याची नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या संशोधकांनी जगभरातील शहरांच्या रस्त्यांचे १९७५ पासूनचे जाळे अभ्यासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, अनेक देशांतील नव्या वस्त्यांत एकमेकांना न जोडलेले रस्ते वाढले आहेत. इमारत पाडून नवी बांधता येते. रस्त्यांची आखणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

ज्येष्ठांनीही आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दूध, भाजी आणण्याच्या निमित्ताने त्यातील बरेचसे चालणे सहज घडते. वाट लांबली की ते सुटते. मग पायांतील शक्ती उणावते आणि लहानसहान कामासाठीही मुलांच्या सवडीची वाट पाहावी लागते.

म्हणून आई-वडिलांसाठी घर निवडताना खोल्यांबरोबर वाटाही पाहा. दवाखाना, किराणा आणि बाग येथपर्यंत त्यांच्यासोबत, त्यांच्याच गतीने एकदा चालून या. राहते घर बदलणे शक्य नसेल, तर सोसायटीच्या सभेत पादचाऱ्यांसाठी बाजूच्या फाटकाची मागणी मांडा. ते दिवसा उघडे असावे, त्याला उंबरा नसावा, चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंदी असावी आणि तेथे दिवा असावा. भिंतीतील एवढीशी वाटही एखाद्या आजोबांना स्वतःचे औषध स्वतः आणण्याचे समाधान परत देऊ शकते.